डावा तेरा, उजवा अकरा

१

सुभेदार चौहान दुकानात आले ते आवाज न चढवता, आणि तेच वाईट होतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला हर्षवर्धन कानिटकर पाच मिनिटांत चहा पाजून गार करत असे. सुभेदारांनी खोकं काउंटरवर ठेवलं, झाकण काढलं आणि दोन्ही बूट शेजारी शेजारी मांडले. मुलींचे शाळेचे काळे बूट, पट्ट्याचे, कोरे करकरीत. डाव्याच्या तळव्यावर तेरा नंबर होता. उजव्याच्या तळव्यावर अकरा.

"शनिवार को लिए थे," सुभेदार म्हणाले. "यहाँ बिटिया को एक ही पाँव में पहनाकर देखा, बाएँ में. आज सुबह दायाँ चढ़ा ही नहीं. रोती हुई चप्पल में स्कूल गई. कानिटकर साहब, इसे मज़ाक समझूँ या चोरी?"

हर्षवर्धननं माफी मागितली, नवा जोड तपासून दिला. सुभेदारांनी तो घेतला, पण ते जागचे हलले नाहीत. छावणीतल्या शाळेच्या बुटांची ऑर्डर यंदा कोणाला द्यायची, हे ठरवणाऱ्या कमिटीवर ते होते. "रविवार को मीटिंग है," ते म्हणाले. "मुझसे पूछेंगे कि इस दुकान का माल कैसा है. तब तक बता दीजिएगा कि मैं क्या कहूँ."

सत्त्याण्णव सालच्या जुलैतला तो सोमवार. लखनऊच्या सदर बाजारातलं हे दुकान हर्षवर्धननं बँकेतली नोकरी सोडून काढलं होतं आणि ते चालत होतं एका पाटीवर: 'पसंद न आए तो आठ दिन में वापस. रसीद साथ लाएँ.' शिवाय एक नियम होता, तो पाटीवर नव्हता. परत आलेलं खोकं गिऱ्हाइकासमोर उघडायचं नाही. घरी आलेल्या माणसाचे खिसे कुणी तपासतं का, असं तो म्हणे. लखनऊच्या लोकांना हे फार आवडलं होतं.

दुपारपर्यंत त्यानं सगळं दुकान उपसायला लावलं. गोदाम सांभाळणारा मोहन माळ्यावर चढला आणि बंद पडलेल्या कॅनव्हासच्या बुटांमागून त्यानं आणखी तीन खोकी खाली दिली. तिन्ही सुतळीनं बांधलेली, तिन्हींत पट्ट्याचे बूट. आणि एकाही खोक्यातला डावा त्याच्या उजव्याशी जुळत नव्हता.

विष्णू प्रसाद, दुकानात चौदा वर्षं असलेला सेल्समन, ती खोकी पाहताच स्टुलावर बसला.

"गलती हमारी है, साहब," तो म्हणाला. "हमको छुट्टी दे दीजिए."

"कौन-सी गलती, विष्णूजी?"

विष्णू प्रसादनं मान खाली घातली आणि तो खोक्यांची सुटलेली सुतळी बोटांवर गुंडाळू लागला.

२

माणिकताई डबीर रेल्वेच्या दाव्यांच्या कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. हरवलेल्या ट्रंका, फुटलेल्या लोणच्याच्या बरण्या, प्रवासात भिजलेली कापडाची गाठोडी, अशा मालाची भरपाई मागणारे अर्ज त्यांनी अठ्ठावीस वर्षं तपासले होते. कोण खरं बोलतंय नि कोण रेल्वेला टोपी घालतंय, हे ओळखणं हाच त्यांचा धंदा. हर्षवर्धनच्या आईची आणि त्यांची मैत्री जुनी, म्हणून तो त्यांना मावशी म्हणे.

"पोलिसांत जाणारच आहे," तो म्हणाला. "पण विष्णूजी आहेत म्हणून आधी तुला बोलावलं. चौदा वर्षं, यार मावशी. माझ्या मुलीला पहिला बूट त्यांनी घातला."

माणिकताईंचे गुडघे दुखत, म्हणून त्या गिऱ्हाइकांच्या बाकावरच बसल्या आणि चारही जोड पुढ्यात मांडून घेतले. 

"दुकान में किसी के हाथ से अदला-बदली हो गई होगी," मोहन म्हणाला. दुकानातल्या सगळ्यांना मराठी समजू लागली होती, बोलत मात्र ते हिंदीतच. "भीड़ में हो जाता है, माताजी."

"हो सकता है," त्या म्हणाल्या. "पण मग याच्या उलटा जोड दुकानातच असायला हवा. या खोक्यात डावा तेरा नि उजवा अकरा आहे. म्हणजे कुठेतरी डावा अकरा नि उजवा तेरा एकत्र पडले असणार. सगळी खोकी उघडून बघितलीस?"

"एक-एक. नहीं मिला."

"म्हणजे ते बाहेर गेले." माणिकताईंनी हर्षवर्धनकडे पाहिलं. "पण हर्षा, वेगवेगळ्या नंबरांचे दोन बूट चोरून चोर करणार काय? बाजारात ते विकत कोण घेईल?"

"तेच तर डोक्यात शिरत नाही."

त्यांनी सर्वांत लहान जोड डावीकडे ठेवला, मग त्याहून मोठा, मग त्याहून. डावा दहा, उजवा आठ. डावा अकरा, उजवा नऊ. डावा बारा, उजवा दहा. आणि सुभेदारांचा, डावा तेरा, उजवा अकरा.

"प्रत्येक वेळी दोनच नंबरांचा फरक," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येक वेळी डावाच मोठा. चुकून झालं असतं तर एकदा तरी उजवा मोठा निघाला असता."  मग हळूच म्हणाल्या, "हर्षा, हे बूट मोठे होत चाललेत."

३

सलोनी कॅशवर बसे. बी.ए.चा अभ्यास आणि नोकरी दोन्ही चालू होतं. तिला वाटलं होतं की संशय आपल्यावर आहे, त्यामुळे ती आधीच रडवेली झाली होती.

"सुभेदार साहब को वो डिब्बा मैंने ही बेचा था, आंटी. पाँव में एक ही पहनाया. बस, वही गलती हुई."

"आणि ते खोकं रॅकमध्ये आलं कुठून? आठवतंय?"

सलोनीला आठवत होतं. मागच्या आठवड्यात एक बाई ते परत करून गेली होती. पावती होती, आठ दिवस उलटले नव्हते. 'साइज़ बड़ा है' म्हणाली. नियमाप्रमाणे सलोनीनं खोकं न उघडता घेतलं, पैसे दिले आणि ते रॅकमध्ये लावलं.

"एरवी परत आलेला माल कोण घेतं?"

"विष्णूजी. पर वो उस हफ़्ते छुट्टी पर थे. भांजी की शादी थी, हरदोई में."

माणिकताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. विचार करताना त्यांना ही सवय होती. विष्णू प्रसाद हजर असताना परत आलेली तीन खोकी सुतळी बांधून माळ्यावर लपली. तो नसताना आलेलं चौथं खोकं सरळ रॅकमध्ये गेलं आणि विकलं गेलं. म्हणजे खोक्यांत काय आहे हे विष्णू प्रसादला ठाऊक होतं. आणि चौथी अदलाबदल तर तो हरदोईला असताना झाली, म्हणजे अदलाबदल करणारा तो नव्हता.

विष्णू प्रसाद दुकानामागच्या अरुंद व्हरांड्यात उभा होता. त्या जवळ गेल्या तेव्हा त्यानं अदबीनं स्टूल पुढे केलं.

"विष्णूजी, आप नज़र से पाँव का नंबर बता देते हैं, ऐसा सुना है. मेरा बताइए."

"पाँच, दीदी. पर आप छह पहनती हैं, सूजन की वजह से."

माणिकताईंना हसू आलं. "मग ज्या माणसाला हे दिसतं, त्याला खोक्यातला तेरा नि अकरा दिसला नाही, हे मी मानू? आप किसी को बचा रहे हैं. किसको?"

त्याचा चेहरा बदलला. तोवर तो अपराध्यासारखा उभा होता, आता तो घाबरला.

"दीदी, हाथ जोड़ता हूँ," तो म्हणाला. "सारा इल्ज़ाम मुझ पर आ जाने दीजिए. आगे मत ढूँढ़िए."

४

घरी परतताना माणिकताईंच्या मनात एक जुनी केस घोळत होती. मनमाडहून आलेल्या एका विधवा बाईची ट्रंक वाटेत गहाळ झाली होती. तिच्याजवळ पावती नव्हती. माणिकताईंनी नियमाप्रमाणे अर्ज फेटाळला. दीड वर्षानं ती ट्रंक झाशीच्या गोदामात सापडली, बाईनं सांगितलेल्या वस्तूंसकट. तोवर बाईनं पत्ता बदलला होता आणि तिला शोधायचं कुणाला सुचलंही नव्हतं. पावती खोटी असू शकते हे माणिकताई नोकरीत पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. पावती नसलेला माणूस खरा असू शकतो हे कळायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हर्षवर्धनकडून परतीच्या पावत्यांची फाइल मागून घेतली. परत आलेल्या मालाची पावती गिऱ्हाइकाकडून घेऊन तिथे टाचून ठेवत. गेल्या चार वर्षांच्या पावत्या होत्या, पण त्या शोधत होत्या एकाच तऱ्हेची: दोन जोड घेतलेत, दोन्ही पट्ट्याचे, दोन नंबरांच्या फरकाचे, आणि त्यातला मोठा परत आलाय. अशा चार निघाल्या. वर्षाला एक, प्रत्येक वेळी जुलैत. नावाच्या जागी चारही वेळा नुसतं 'नकद', म्हणजे रोख.

"बघ," त्या हर्षवर्धनला म्हणाल्या. "बाई दोन जोड नेते. समज, अकरा आणि तेरा. घरी जाऊन अकराचा डावा आणि तेराचा उजवा ठेवून घेते. उरलेला डावा तेरा नि उजवा अकरा तेराच्या खोक्यात घालते नि परत करते. तू खोकं उघडत नाहीस."

"म्हणजे मला चार वर्षं बनवते आहे."

"हो. एका मुलीसाठी." माणिकताईंनी चार पावत्या ओळीनं लावल्या. "पहिल्या वर्षी मुलगी चार-पाच वर्षांची, आता आठची. दर जुलैत, शाळा उघडली की नवे बूट. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन नंबरांनी लहान आहे. तो वाढतोय, पण मागे राहून. असं कशानं होतं, हे तुला सांगायला नको. दर हिवाळ्यात भिंतींवर डोस पाजायच्या जाहिराती लागतात."

 हर्षवर्धन म्हणाला, "पोलिओ."

"आता तारखा बघ. कॅलेंडर काढ."

त्यानं ड्रॉवरमधून जुनी कॅलेंडरं काढली आणि बोट फिरवलं. नऊ जुलैला घेतले, सोळाला परत केले. बुधवार, बुधवार. आधीच्या वर्षी, बुधवार. त्याच्या आधी, तेही बुधवार.

"ती सदर बाजारात बुधवारीच येते," माणिकताई म्हणाल्या. "बुटांसाठी नाही. दुसऱ्या कशासाठी तरी येते, आणि वाटेत तुझं दुकान लागतं. मी सकाळी इथून जवळच्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर फोन केला. पोलिओच्या मुलांना कोणत्या वारी बघतात, विचारलं."

"मग?"

"उद्या बुधवार आहे ना? मी जाऊन येते."

५

हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात बाकांवर आया बसल्या होत्या, मांडीवर, कडेवर, शेजारी मुलं घेऊन. माणिकताई मुलांच्या तोंडांकडे न बघता पायांकडे बघत चालत गेल्या. काही अनवाणी होती, काही रबरी चपला घालून. शेवटून दुसऱ्या बाकाखाली काळे चकचकीत पट्ट्याचे बूट लोंबकळत होते. डाव्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, गुडघ्यापर्यंत गेलेल्या. उजवा मोठा होता.

मुलगी पेरू खात होती. आईच्या मांडीवर हॉस्पिटलचं कार्ड होतं, त्यावरचं नाव नि गाव माणिकताईंनी वाचलं. गुंजा. बख्शी का तालाब.

त्या शेजारी बसल्या. "बहुत दूर से आती हैं आप."

"दो बस बदलनी पड़ती है, माताजी," ती बाई म्हणाली. तिच्या बोटांवर मातीनं काळ्या पडलेल्या भेगा होत्या. भाजीच्या शेतांत मजुरी करत असावी.

"जूते अच्छे हैं बिटिया के. सदर से लिए?"

बाईनं एकदम मुलीचे पाय आपल्या साडीखाली ओढून घेतले. तेवढं पुरेसं होतं. माणिकताईंनी कितीतरी खोटे दावेदार कोंडीत पकडले होते आणि त्या क्षणाचा त्यांना आनंदही होत असे. आज झाला नाही.

"मैं पुलिस नहीं हूँ," त्या म्हणाल्या. "पर वहाँ एक आदमी की नौकरी जा रही है. इसलिए पूछ रही हूँ."

बाईचं नाव रामरती. ती बराच वेळ मुलीच्या वेणीची रिबिन सोडून पुन्हा बांधत राहिली. मग बोलायला लागली. लोखंडी पट्ट्या इथे मिळतात, पण त्या ठोकायला बूट आपले आणावे लागतात. पहिल्या वर्षी तिनं दुकानात विचारलं होतं की एक-एक बूट वेगळ्या नंबराचा मिळेल का. काउंटरवरचा माणूस म्हणाला, जोड फोडता येत नाही. दोन जोड घेण्याची ऐपत नव्हती. मग दारावरची पाटी तिनं कुणाकडून तरी वाचून घेतली आणि दुसऱ्या जोडाचे पैसे आठ दिवसांपुरते उसने आणले.

"चोरी तो है," रामरती म्हणाली. "हम जानित हैं. पर माताजी, दाम एक जोड़ी का दिया, औ जूते दो ही लिए. एक ई पाँव का, एक ऊ पाँव का. जादा नाहीं लिया."

माणिकताईंनी गुंजाच्या हनुवटीला लागलेला पेरू पदरानं पुसला.

"उस दुकान में किसी को मालूम था?" त्यांनी विचारलं.

"किसी को नाहीं. मालूम होता तो पकड़ न लेते?"

६

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून हर्षवर्धननं सगळ्यांना बसवलं. माणिकताईंनी जे कळलं ते सांगितलं. बाईचं नाव मात्र सांगितलं नाही. मग त्या विष्णू प्रसादकडे वळल्या.

"उसको आज तक पता नहीं कि आप जानते हैं."

विष्णू प्रसादनं डोळे पुसले. पहिल्या वर्षी ती खोकं देऊन गेल्यावर त्याला ते जरा हलकं लागलं होतं. त्यानं उघडून पाहिलं आणि तिला पकडायला तो रस्त्यावर धावत गेला. पानाच्या टपरीपाशी मुलगी आईची वाट पाहत उभी होती. मग दोघी चालू लागल्या, पट्ट्यांचा आवाज करत.

"पुकारने को मुँह खोला था, दीदी. फिर बंद कर लिया. अगले साल वो आई तो मैंने खुद ही दोनों नंबर निकालकर दे दिए. उसने समझा, इत्तेफ़ाक है."

"मला का नाही सांगितलंत?" हर्षवर्धननं विचारलं. 

"आप भले आदमी हैं, साहब. पर आपको पता चलता तो आपको नियम बनाना पड़ता."

हर्षवर्धन उठून दारापर्यंत गेला, परत आला. "मावशी, मला दगड समजू नकोस. पण हे पार शहराबाहेर चिनहटपर्यंत पसरलं तर उद्या धडधाकट मुलांचे आईबापही येतील. आठवड्याला दोन खोकी मला अशीच मिळतात, आठवडाभर घालून झालेले बूट परत आलेले. आणि सुभेदारांच्या मुलीनं काय केलं होतं? ती रडत गेलीच ना चपलेत?"

"तुझं चुकत नाहीये," माणिकताई म्हणाल्या. "खोकं उघडायलाच हवं. पण सगळ्यांचं उघड, आणि 'आमच्याकडून नंबर चुकला नाही ना, बघतो' असं म्हणून उघड. कुणाला राग येणार नाही. आता दुसरं. त्या व्हरांड्यात आज डावा पाय बारीक असलेली मुलं होती, तशी उजवा बारीक असलेलीही होती. मी मोजली नाहीत, पण होती. तुझा डावा तेरा नि उजवा अकरा टाकाऊ आहे, हे तुला कुणी सांगितलं?"

हर्षवर्धन चार खोक्यांकडे पाहत उभा राहिला. त्याला कळायला एक क्षण लागला. विष्णू प्रसादला लागला नाही. तो केव्हाच उठून खोक्यांवरची धूळ झटकत होता.

पुढच्या बुधवारी हर्षवर्धन आणि विष्णू प्रसाद हॉस्पिटलात गेले. चारांतला एकच जोड त्या दिवशी कुणाला बसला, चिनहटच्या एका मुलीला. बाकीचे तीन परत आणावे लागले. पण तिथे मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पंधरा मुलांची नावं आणि दोन्ही पायांचे नंबर लिहून दिले. त्यांतल्या सहा जणांच्या जोड्या एकमेकांना पूरक निघाल्या. उरलेल्यांसाठी हर्षवर्धननं कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले आणि ते फारसं उत्साहाचं नव्हतं, पण नाही असंही नव्हतं.

सुभेदार चौहानांना त्यानं रविवारच्या आधीच सगळं सांगितलं, नावं वगळून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, सलाम केला आणि गेले. छावणीची ऑर्डर त्या वर्षी निम्मीच मिळाली, निम्मी दुसऱ्या दुकानाला गेली.

रामरतीला दुकानात आणायला माणिकताईंना वर्ष लागलं. ती म्हणायची, कोणत्या तोंडानं येऊ. पुढच्या जुलैत त्याच तिला नि गुंजाला हॉस्पिटलातून घेऊन आल्या. रामरती दाराशीच थांबली. आत काउंटरमागे विष्णू प्रसाद उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही आधी नजर खाली केली.

"आओ, बिटिया," विष्णू प्रसाद गुंजाला म्हणाला. "बैठो."

त्यानं जमिनीवर बसकण मारून लाकडी पट्टीवर तिचे दोन्ही पाय वेगवेगळे मोजले आणि दोन खोकी काढली. गुंजानं बूट घालून पाहिले, उठून आरशासमोर चार पावलं चालली आणि नाक मुरडलं.

"ये काटता है."

"कहाँ काटता है?" रामरतीनं दारातून दटावलं. "जो दे रहे हैं, ले ले."

"आप रहने दीजिए," विष्णू प्रसाद म्हणाला. "काटता है तो काटता है."

दुसरा जोड ढिला होता. तिसऱ्याचा पट्टा तिला आवडला नाही. चौथा बरा होता, पण तिच्या वर्गातल्या एका मुलीकडे अगदी तसाच होता. मोहन शिडीवर चढून खोकी खाली देत राहिला. माणिकताई बाकावर बसून हे पाहत होत्या. रामरती कधी आत येऊन त्यांच्या शेजारी बसली, हे त्यांनाही कळलं नाही.

सातव्या खोक्यानंतर गुंजानं विचारलं, "फूलवाला नहीं है?"

हर्षवर्धननं स्वतःच माळ्याची शिडी धरली.